थट्टेचा जबाब

परभणी जिल्ह्यातला माणूस पुण्या-मुंबईत गेला आणि त्याने आपला जिल्हा सांगितला, की समोरचा हमखास दोनांपैकी एक वाक्य म्हणतो. तो वयाने मोठा असेल तर ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ आणि तरुण असेल तर ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. ऐकणाऱ्याने हसायचे असते. तो हसतोही. गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या म्हणी, टोमणे आणि नकला एका वहीत टिपतो आहे. ही दोन वाक्ये जोडीने ठेवून पाहिली तेव्हा त्यांचे नाते ध्यानात आले. पहिले वाक्य दुसऱ्यांनी आपल्याविषयी म्हटलेले, म्हणजे थट्टा. दुसरे आपण स्वतःविषयी म्हटलेले, म्हणजे त्या थट्टेचा जबाब.

पहिल्याची भाषा पाहा. ती मराठी नाही, दखनी आहे, निजामी मुलखाच्या बाजारात आणि कचेरीत चालणारी. कुणी सांगतात, हैदराबादेत ज्याचे बस्तान बसले नाही त्याची बदली परभणीला होई. कुणी सांगतात, पोटासाठी निघालेला माणूस मनमाडच्या गाडीत बसे आणि कुठेच काम लागले नाही तर परभणीला उतरे. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची ती मीटर गेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली आणि परभणी त्याच लाइनीवर आहे. दुसऱ्या वाक्याच्याही उत्पत्तीच्या कथा कमी नाहीत. सगळ्या जगाशी एकट्याने लढणाऱ्या जर्मनीशी आपला हेकेखोरपणा जोडणारी एक आहे, शेतकरी कामगार पक्षाच्या इथल्या जोराशी जोडणारी दुसरी आहे. कथा कोणतीही घ्या, घडण एकच. ‘तुम्ही म्हणजे कुठेच न जमलेल्यांची जागा’ या टोमण्यावर ‘आम्ही म्हणजे कुणालाच न जमणारी जागा’ असे उत्तर. त्यात बढाई आहे आणि त्या बढाईची चेष्टाही आहे. परभणीला जर्मनीच्या शेजारी बसवताना आपण काय करतो आहोत, हे परभणीकराला पुरते ठाऊक असते. आमच्यातले एक दोस्त पहिल्या म्हणीला शेपूट लावीत, की परभणीतही नाही जमले तर पालम आहेच. पालमच्या माणसाने ते म्हटले तर हशा पिके. गंगाखेडच्या माणसाने म्हटले तर भांडण होई.

एकच वाक्य एकाच्या तोंडी विनोद आणि दुसऱ्याच्या तोंडी अपमान का ठरते? या लेखाचा विषय एवढाच आहे. जाती, धर्म, भाषा आणि मुलूख यांवरून केलेल्या थट्टेचा आपल्या भागातला इतिहास चाळताना मला तरी एक कसोटी उपयोगी पडली. थट्टेतल्या शब्दांपेक्षा, ज्याची थट्टा झाली त्याला बोलण्याची पाळी मिळाली की नाही, ते पाहावे. तमाशातल्या सवाल-जबाबाची रीत हीच आहे. सवाल कितीही झोंबरा असो, पलीकडे डफ-तुणतुणे घेऊन कुणीतरी उभे असले पाहिजे.

पालम हे या विषयासाठी वाईट ठिकाण नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा हा तालुका. एका अंगाला जनाबाईचे गंगाखेड, दुसऱ्या अंगाला नांदेडकडे जाणारा लोह्याचा रस्ता. खाली उदगीर-देगलूरकडे गेले की कानडी आणि तेलुगू कानावर पडू लागतात. १९४८पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या राज्यात सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, चौथाईहून थोडे अधिक मराठी, त्यांच्या मागोमाग कानडी, आणि दरबाराची भाषा उर्दू. मराठी माणूस तिथे बहुसंख्य नव्हता आणि सत्ताधारीही नव्हता. पुण्याच्या विनोदी लेखकाला ‘आपण’ आणि ‘ते’ यांतली रेघ जितकी स्वच्छ दिसे, तितकी इथे कुणालाच दिसत नसे.

आरंभ एकनाथांपासून करावा लागतो. पैठणच्या या संताने (१५३३–१५९९) भारुडांत जी पात्रे उभी केली, ती बहुतेक जातीची किंवा पेशाची सोंगे आहेत. जोशी, गारुडी, वासुदेव, भुत्या, कैकाडीण, महार. श्रोत्यांच्या डोक्यात त्या त्या जातीचे ठरीव चित्र असल्याशिवाय ही सोंगे चालणारच नाहीत. बोलण्याची ढब, हातातली वस्तू, मागण्याची तऱ्हा असा सगळा साचा तयार असतो. नाथ तो साचा घेतात आणि त्यातून अध्यात्म बोलवतात. ‘जोहार’ या प्रकारात तर एक ब्राह्मण कवी महाराच्या तोंडून बोलतो आणि तो महार वरच्या जातींना खडे बोल सुनावतो. आजचा वाचक विचारील, की मुखवटा घालणारा ब्राह्मणच ना? प्रश्न रास्त आहे. चोखोबाने स्वतः घातलेला जोहार आणि नाथांनी चोखोबाच्या जातीचे सोंग घेऊन घातलेला जोहार यांत फरक राहणारच. पण ज्या समाजात महाराचे वर्णन नेहमी ‘तो’ म्हणून होत होते, तिथे त्याला ‘मी’ म्हणायला लावणे ही सोळाव्या शतकात लहान गोष्ट नव्हती.

‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड मात्र या विषयाचे मूळ पीठच म्हटले पाहिजे. साठ-पासष्ट कडव्यांच्या या रचनेत एक हिंदू आणि एक तुर्क भर रस्त्यात भांडावेत तसे भांडतात. तुर्काची भाषा हिंदुस्थानी वळणाची आहे आणि तो मूर्तिपूजेची, पुराणकथांतल्या देवांच्या वागण्याची, सोवळ्याची टर उडवतो. हिंदू उलट विचारतो, की देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का? दोघेही एकमेकांच्या धर्माविषयी तेच बोलतात जे बाजारात बोलले जात असणार. कुणी कुणाला सूट देत नाही. शेवटी मात्र दोघे एकमेकांना नमस्कार करतात, मिठी मारतात. या मिठीवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि सौहार्दाच्या व्याख्यानात ती हटकून येते. मला तिच्याआधीची कडवी जास्त महत्त्वाची वाटतात. एका ब्राह्मण कवीने तुर्काला भरपूर वेळ दिला, त्याला मूर्ख केले नाही, आणि त्याचे टोमणे लागतील असे लिहिले. विनोदात दुसऱ्याला खुळा ठरवणे फार सोपे असते. एकनाथांनी तुर्काला वादात तोडीस तोड ठेवला, म्हणून मिठी पटते.

गावगाड्यात हा जबाब देण्याची सोय नात्यांनी केलेली होती. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली ‘थट्टेची नाती’ यावर एक निबंध लिहिला. काही नात्यांत चेष्टा करायची मुभा असते, इतकेच नव्हे तर ती करावीच लागते, आणि ती मनाला लावून घ्यायची नसते. त्यांची उदाहरणे बहुतांशी आफ्रिकेतली होती. तिकडे नायजर, माली, बुर्किना फासो या देशांत ही नाती दोन माणसांपुरती नसून दोन जमातींमध्ये असतात. अमुक जमातीचा माणूस तमुक जमातीच्या अनोळखी माणसालाही पहिल्या भेटीत ‘माझा गुलाम’ म्हणू शकतो आणि तोही तेच परत म्हणतो. नायजरमधली ही प्रथा २०१४ साली युनेस्कोने आपल्या वारसा-यादीत घेतली. आपल्याकडे मेव्हणा-मेव्हणी, दीर-भावजय, विहीण-विहीण या जोड्या याच जातीच्या. लग्नात विहिणीवर गाणी रचतात, त्यांतले शब्द एरवी कुणी उच्चारणार नाही.

खेड्यात हीच कल्पना जातींच्या पलीकडे नेलेली असे. गावकीच्या नात्याने कुणी कुणाचा मामा, कुणी भाऊजी. आमच्या लहानपणी गल्लीतले मुसलमान म्हातारे सगळ्यांचे मामू असत किंवा चाचा. ज्याला मामू म्हटले त्याच्या दाढीची चेष्टा करता येई, कारण तोही आपल्या शेंडीची, आपल्या घरच्या वरणाच्या पातळपणाची चेष्टा करी. वाण्याच्या तागडीवर बोलणारा कुणबी त्याच वाण्याकडून कुणब्याच्या हिशेबावर ऐकून घेई. हे चित्र फार गोड करण्यात अर्थ नाही. वाण्याकडे वही होती आणि वहीत कुणब्याचे नाव होते, तेव्हा कोणाची थट्टा कुठवर जाणार हे ठरलेलेच असे. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला या नात्यांत जागा नव्हती. त्याला कुणी मामा म्हणत नसे, त्याची थट्टा मात्र सगळे करीत. गावकीच्या विनोदाची हद्द तिथे दिसते.

या हद्दीवर वावरणारा एकच मनुष्य होता, बहुरूपी. आमच्याकडे त्याला रायरंद म्हणतात. सुगी झाली की तो यायचा, आज फौजदार, उद्या वैदू, परवा मारवाडी, कधी कचेरीतला साहेब. तो घरोघरी खोट्या लग्नाचे आवतण द्यायचा आणि त्या लग्नातली प्रत्येक गोष्ट उलटी असायची. फौजदाराच्या वेषात त्याने पाटलाला दम भरावा आणि पाटलाने हसून पायली जोंधळा घालावा, असा हा व्यवहार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या अजोड ग्रंथात या सगळ्या फिरस्त्यांची दखल आहे. पण आत्रे मुलकी खात्यातले. त्यांनी फिरस्त्यांकडे कुणब्याच्या खळ्यावरचा बोजा म्हणून पाहिले आणि त्या हिशेबात त्यांची बाजू बरीचशी बरोबरही होती. कुणबी धान्य देऊन काय घेत होता, हे त्या हिशेबात धरलेले नाही. ज्या फौजदारापुढे वर्षभर मान खाली, त्याची नक्कल दारात पाहणे हेही काहीतरी होतेच.

पालमहून लोह्याच्या वाटेला लागले की माळेगाव येते. मार्गशीर्ष वद्यात तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा तो मोठा बाजार, तमाशाच्या फडांचा मुक्काम, आणि भटक्या जमातींच्या जातपंचायतींचे ठिकाण. वैदू, घिसाडी, गोसावी, मसणजोगी अशा किती तऱ्हेच्या बोली तिथे एका मैदानात ऐकू येतात. मी तिथे अनेकदा वही घेऊन हिंडलो आहे. गावात ज्यांच्यावर म्हणी आहेत, ती माणसे इथे आपापल्या राहुट्यांत गावकऱ्यांवर बोलत असतात. कुणबी म्हणजे एका गाढवासाठी तीनदा फेऱ्या मारणारा आणि शेवटी तेच लंगडे गाढव जास्त पैशाला नेणारा, असे चित्र तिकडे पक्के आहे. त्याची नक्कल मी पाहिली आहे आणि ती हुबेहूब होती. धोतर सावरण्यापासून.

एकोणिसाव्या शतकात या बोलत्या थट्टेला छापखाना भेटला. म्हणींचे संग्रह निघू लागले. मिशनरी मॅनवेअरिंग यांनी १८९९ साली मराठी म्हणींचा मोठा संग्रह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. १९०१च्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी १९०८च्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात तर म्हणींतून दिसणारी जात असे एक स्वतंत्र प्रकरणच घातले. ब्राह्मण कसा, वाणी कसा, सोनार कसा, जाट कसा, याची जणू चित्रांची भिंतच. रिस्ली विद्वान होते, मेहनतीही होते. पण त्यांनी एक गोष्ट केली, जी गावात कुणी करीत नसे. म्हण कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हटली, हे त्यांनी वगळले. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण कुणब्याच्या तोंडची आहे. मजुरी, कापड आणि दफ्तर या तीन ठिकाणी तो नाडला जाई म्हणून. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ हीही घरमालकाची आहे, भटाची नाही. ग्रंथात आल्यावर या तक्रारी न राहता त्या त्या जातींचे गुणधर्म झाल्या. बोलणारा नाहीसा झाला आणि ज्याच्याविषयी बोलले तो कायमचा तसा ठरला. जबाब देणार कुणाला?

साचा दफ्तरात शिरला की काय होते, त्याचे टोकाचे उदाहरण १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा. ‘अमुक जात म्हणजे चोरच’ हे वाक्य चावडीवर कुणी हसत म्हणाले असेल. इंग्रजी अंमलात ते हजेरीच्या रजिस्टरात उतरले आणि माणसाला रोज ठाण्यात अंगठा लावावा लागू लागला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का पुसला गेला, कायद्यातून तरी.

छापील थट्टेला छापील जबाब देण्याची मराठी परंपराही याच काळातली. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. जोशीबुवा कुणबी जोडप्याला कसे लुबाडतात, हे नाटकाचे कथानक, आणि मधेमधे येऊन सगळ्यांची कानउघाडणी करणारा एक विदूषक. संस्कृत नाटकात विदूषक हा बहुधा खादाड ब्राह्मण असतो. इथे विदूषकच ब्राह्मणाच्या खादाडपणावर बोलतो. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला आणि सोंगाड्याच्या तोंडी भटजीची टवाळी घातली. त्यांतली काही टवाळी एकसुरी होती, भटजी म्हणजे ढेरी आणि लाडू एवढेच. पण शतकानुशतके एका बाजूने चाललेल्या बोलण्यानंतरचा तो पहिला मोठा आवाज होता. त्याच्याकडून नाजूकपणाची अपेक्षा करणे मला सभ्य वाटत नाही.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण या जागी फार बोलके आहे. ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ ही त्यांची पदवी मुळात हिणवणी होती. सुशिक्षितांचे पुढारी आम्ही, हे मात्र तेल्यातांबोळ्यांचे, असा तिचा रोख. टिळकांनी ती अंगावर भूषणासारखी मिरवली आणि टोमणा मारणारे गप्प झाले. त्याच टिळकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात अथणीच्या सभेत, कायदेमंडळात जाऊन कुणब्याने नांगर धरायचा आहे का, वाण्याने तागडी धरायची आहे का, अशा अर्थाचा टोला मारला. ब्राह्मणेतर चळवळीने तो टोला पुढची कित्येक वर्षे विसरू दिला नाही. दोन्ही वेळा वस्तू त्याच, तेलाची घाणी काय किंवा तागडी काय. पहिल्या वेळी टिळक ज्यांची थट्टा होते त्यांच्यात उभे होते, दुसऱ्या वेळी समोर. पुढे १९२५ साली दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे जहाल पुस्तक निघाले, टिळक-चिपळूणकरांवर तुटून पडणारे. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि अपिलात वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आरोपी सुटले. टवाळीचा निकाल कोर्टाकडे गेला, याचा अर्थ गावकीच्या नात्यात तो लागण्याचे दिवस संपले होते.

आमच्या मराठवाड्यात ते दिवस १९४८ साली संपले, असे मी मानतो. रझाकारांचे अत्याचार, मग सप्टेंबरातली पोलीस कारवाई, आणि तिच्यानंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांवर झालेली कत्तल. या कत्तलीची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली आणि मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरला. मुक्तिसंग्रामाच्या गौरवग्रंथांत हे दुसरे पान क्वचित उघडले जाते. शेजाऱ्याने शेजाऱ्याविषयी कोणती वाक्ये म्हणायची, याचे जुने ठराव त्या वर्षात मोडले. मामू हा शब्द राहिला. पण मामूने शेंडीची चेष्टा करणे थांबले. चेष्टा एका बाजूने चालू राहिली आणि दुसरी बाजू हसण्यावारी नेऊ लागली. बाहेरून पाहणाऱ्याला ते पूर्वीसारखेच दिसे.

चारच वर्षांनी हैदराबाद शहरात एक घोषणा घुमली, ‘इडली-सांबार गो बॅक’. निजामाच्या काळापासून नोकऱ्यांसाठी मुलकी आणि गैरमुलकी असा भेद होता. १९१९च्या फर्मानाने तो पक्का केला होता. पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून, विशेषतः मद्रासकडून, अधिकारी आणि कारकून आले आणि स्थानिक विद्यार्थ्यांचा असंतोष १९५२च्या पावसाळ्यात उफाळला. वरंगळपासून सुरू झालेले आंदोलन सप्टेंबरात हैदराबादेत पोचले. गोळीबार झाला, विद्यार्थी मेले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. घोषणेतला विनोद लक्षात घेण्याजोगा आहे. माणसाला जा म्हणायचे नाही, त्याच्या न्याहारीला जा म्हणायचे. न्याहारीला कोण जबाब देणार? नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता, वशिल्याची तक्रारही पुष्कळशी खरी होती. पण त्या प्रश्नावर वाद घालता आला असता. इडलीवर वाद घालता येत नाही, फक्त हसता येते.

मुंबईत तोच प्रकार दशकभराने झाला. ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक १९६०च्या ऑगस्टात निघाले. ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ हे यमक रस्त्यावर आले. बाळासाहेब ठाकरे हे अव्वल दर्जाचे व्यंगचित्रकार होते, याविषयी दुमत होऊ नये. व्यंगचित्रकाराचे कसब म्हणजे माणूस एका रेषेत पकडणे. एक माणूस एका रेषेत पकडला तर ते व्यक्तिचित्र असते आणि त्याला लाखो लोक पकडले तर ती लुंगी होते. उडप्याच्या हॉटेलात बसून ही घोषणा वाचणारा मराठी गिऱ्हाईक त्याच हॉटेलातला डोसा खात होता, ही गंमत त्या काळच्या विनोदी लेखकांपैकी फारच थोड्यांना सुचली.

सिनेमाची गोष्ट जरा वेगळी. ‘गुमनाम’ (१९६५) मध्ये मेहमूदने हैदराबादी बोलणारा खानसामा केला आणि ‘पडोसन’ (१९६८) मध्ये मद्रासी संगीत शिक्षक. दोन्ही नकला देशभर गाजल्या. नांदेड-परभणीच्या टॉकीजमध्ये मात्र पहिली नक्कल जास्त जवळची वाटली, कारण ते ‘नक्को’ आणि ‘हौ’ बाहेर रस्त्यावर ऐकू येत होते. ‘नक्को’ हा शब्द दखनीने मराठीतून घेतला. शब्दाच्या शेवटी जोर देणारा ‘च’ही आपलाच. लखनौ-दिल्लीचा उर्दू बोलणारा ज्या बोलीला शतकभर हसत आला, ती हास्यास्पद वाटण्यात मराठी प्रत्ययांचा वाटा मोठा आहे. म्हणजे आम्ही पडद्यावरच्या मुसलमान खानसाम्याला हसत होतो आणि हसत होतो आपल्याच ‘च’ला. दखनी कवींनी याचा फार चांगला उपयोग केला. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब यांनी ज्या बोलीला गावंढळ म्हणून हिणवले जाई तिच्यातच मुशायरे जिंकले. हैदराबादेच्या ‘जिंदादिलान’सारख्या मंडळींनी तिच्यातल्या विनोदाला व्यासपीठ दिले. हा ‘जगात जर्मनी’च्या जातीचाच जबाब. हिणवणी उचलायची आणि झेंड्यासारखी फडकवायची.

मराठी विनोदात आमची जागा कोणती? पु. ल. देशपांड्यांनी तुम्हाला मुंबईकर व्हायचे आहे, पुणेकर की नागपूरकर, असा प्रश्न विचारला आणि सबंध महाराष्ट्र त्यावर अजून हसतो आहे. मीही हसतो. त्या यादीत औरंगाबादकर नाही, नांदेडकर नाही, परभणीकर तर नाहीच नाही. आमच्याकडच्या एका साहित्यसंमेलनोत्तर पंगतीत यावर तक्रार निघाली होती, आपली कुणी चेष्टाही करीत नाही अशी. तक्रार विनोदाने केलेली होती, तरी तिच्यात तथ्य आहे. थट्टा व्हायला आधी ओळख लागते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ख्रिस्ती डेव्हिस यांनी १९९० साली जगभरच्या जमातींवरील विनोदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे एक निरीक्षण असे, की बावळटपणाचे विनोद शत्रूवर क्वचित होतात. ते होतात आपल्यासारख्याच पण काठावर राहणाऱ्या शेजाऱ्यावर. इंग्रजांचे आयरिशांवर, फ्रेंचांचे बेल्जियनांवर. पुण्यातल्या वसतिगृहात मराठवाड्याच्या पोराच्या ‘करायलो’, ‘जायलो’वर जो हशा होई, तो या जातीचा. तो पोरगा परका असता तर हसले नसते. तो आपलाच आणि तरी नीट आपल्यासारखा नाही, याची ती गंमत. पालमची मुले आता तेच ‘करायलो’ मुद्दाम जोरात बोलतात आणि मोबाईलवर त्याच्या चित्रफिती टाकतात.

सगळ्यांनाच हे साधत नाही. लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आत्मकथन लिहिले आणि त्याला नाव दिले ‘उचल्या’. आधी सात वर्षे लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ आले होते. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, दोन्ही शीर्षके म्हणजे गावाने दिलेल्या शिव्या. परभणीकराला आपली हिणवणी मिरवताना काही गमवावे लागत नाही. ‘उचल्या’ हा शब्द मुखपृष्ठावर छापणाऱ्याच्या नातलगांना त्याच शब्दावर पोलीस उचलून नेत होते. म्हणून ते पुस्तक वाचताना हसू येत नाही, आणि वसतिगृहातल्या त्या पोराचा ‘करायलो’ ऐकताना येते.

वहीत मी अलीकडे प्रत्येक पानाचे दोन भाग केले आहेत. डावीकडे एखाद्या समाजाविषयी इतरांनी म्हटलेले, उजवीकडे त्या समाजाने इतरांविषयी म्हटलेले. वाणी आणि कुणबी यांची पाने दोन्हीकडे गच्च भरली आहेत. मुसलमानांच्या पानावर उजवीकडचा मजकूर बहुतेक १९४८च्या आधी वयात आलेल्या माणसांनी सांगितलेला आहे. पारध्यांच्या पानाची डावी बाजू पुरवणी जोडावी लागावी इतकी भरली. उजव्या बाजूला दोन ओळी आहेत. त्या माळेगावच्या यात्रेत एका म्हातारीने सांगितल्या. एक ओळ फौजदारावर होती, दुसरी माझ्या वहीवर.